पहिला भाग कोणाचा?

दूरचित्रवाणीवरील मालिकांचा इतिहास आपल्याकडे बहुधा आठवणींच्या रूपाने सांगितला जातो. 'हम लोग' लागली की रस्ते ओस पडत, 'रामायण' सुरू होण्यापूर्वी संचाला हार घातला जाई, अशा त्या आठवणी. त्या खोट्या नाहीत. परंतु त्यांतून एक गोष्ट निसटते. एखाद्या मालिकेचा पहिला भाग अमुक तारखेला अमुक वेळी घरोघर दिसतो, तेव्हा त्यामागे तीन निर्णय आधीच झालेले असतात. चित्र कोठवर पोहोचणार हा पहिला, पैसा कोण देणार हा दुसरा, आणि कोणती वेळ कोणाच्या कथेला द्यायची हा तिसरा. हे निर्णय होत असताना दलित समाज कोठे होता, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो रत्नागिरी जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून विचारला आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव आणि दापोली तालुक्यातील वणंद हे रमाबाईंचे माहेर याच जिल्ह्यात आहे. तरीही पडद्यावरच्या कथांचा हा सारा इतिहास या जिल्ह्याने बराचसा दुरूनच पाहिला.

चित्र कोठवर?

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. १९७५-७६ साली उपग्रहाच्या मदतीने शैक्षणिक प्रक्षेपणाचा जो मोठा प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. म्हणजे महाराष्ट्रात दूरचित्रवाणी आली ती प्रथम महानगराचे माध्यम म्हणून. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई केंद्रावरून 'चिमणराव' ही मालिका लागली आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांची जोडी घराघरांत गेली. चिं. वि. जोशी यांच्या लेखनातील ते पांढरपेशे घर मराठी मालिकेच्या आरंभीच्या काळातील सर्वांत परिचित घर ठरले. त्या घराच्या विनोदाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पुढे मराठी मालिका म्हणजे बहुतांशी तसल्याच घराची कथा, हा जो समज रूढ झाला, तो मात्र तपासला पाहिजे.

या काळात रत्नागिरीत काय दिसत होते? दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. उंच मनोऱ्यावरून निघालेले चित्रही शंभरेक किलोमीटरच्या आसपास क्षीण होते, आणि मध्ये डोंगर आला की अडते. रत्नागिरी मुंबईपासून रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. त्यात सह्याद्रीचे फाटे, खाड्या आणि दऱ्या. मुंबईचे चित्र तेथे पोहोचणे शक्य नव्हते. पोहोचत होती ती माणसे. नायगाव, वरळी, डिलाईल रोड येथील बी. डी. डी. चाळींतून राहणारा, गिरणीत, गोदीत किंवा नगरपालिकेत राबणारा रत्नागिरीचा चाकरमानी कोणाच्या तरी दारात उभा राहून मालिका पाहू शकत होता. गावी राहिलेल्यांना ती त्याच्या तोंडून ऐकावी लागे.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. पुढे उपग्रहावरून कार्यक्रम घेऊन तो आसपासच्या भागात पसरविणारे कमी शक्तीचे प्रक्षेपक देशभर झपाट्याने बसविले गेले. अशा प्रक्षेपकाचा पल्ला पंचवीसेक किलोमीटरचा. शहरात चित्र स्वच्छ आणि दरीतल्या गावात पडद्यावर नुसत्या मुंग्या, हा अनुभव कोकणात सार्वत्रिक होता. त्यातही वाड्यांवाड्यांत फरक. वीज, रस्ता आणि संच घेण्याची ऐपत या तिन्ही गोष्टी गावातल्या ज्या क्रमाने पोहोचतात, त्या क्रमात बौद्धवाडी क्वचितच पहिली असते. तंत्राला जात नसते असे आपण म्हणतो. तंत्र ज्या वाटेने गावात शिरते, त्या वाटेला मात्र ती असते.

पैसा कोणाचा?

७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग'चा पहिला भाग दिसला. ही हिंदी दूरदर्शनवरील पहिली मोठी कौटुंबिक मालिका. तिची कल्पना मेक्सिकोतून आली होती. तेथे मिगेल साबिदो यांनी कथेतून साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांचा प्रचार करणाऱ्या मालिका केल्या होत्या. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी त्या प्रयोगाचा अभ्यास करून तो येथे आणविला. मनोहर श्याम जोशी यांनी लेखन केले, पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शन. दारूडा बसेसर राम, बेकार लल्लू, डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी, अशी ही माणसे. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. आरंभी उपदेश फार झाला, प्रेक्षक कंटाळले. मग उपदेश कमी आणि कथानक अधिक असा बदल झाला आणि मालिका लोकप्रिय झाली.

येथेच दुसरी घटना घडली. 'हम लोग'ला 'मॅगी' या दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांचे प्रायोजकत्व होते. प्रायोजकाने निर्मितीचा खर्च उचलायचा आणि बदल्यात जाहिरातीची वेळ घ्यायची, अशी ती पद्धत. शेवयाही खपल्या आणि मालिकाही गाजली. समाजशिक्षणासाठी आणलेला साचा अशा रीतीने बाजाराच्या कामी आला. यापुढे मालिका स्वीकारताना एक न विचारलेला प्रश्न नेहमी उपस्थित राहिला: ही कथा पाहणारा माणूस दुकानात जाऊन काय विकत घेईल? ज्याची खरेदीची ताकद कमी, त्याची कथा या प्रश्नापुढे टिकणे कठीण.

त्या काळात दलित माणूस दूरदर्शनवर आला नाही असे नाही. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून 'सद्गती' हा चित्रपट १९८१ मध्ये दूरदर्शनसाठीच केला. ब्राह्मणाच्या दारात लाकूड फोडता फोडता मरणारा दुखी चांभार ओम पुरी यांनी उभा केला. कलाकृती म्हणून ती मोठीच. परंतु ती एका संध्याकाळची होती. मालिका दर आठवड्याला येते, तिच्यातील माणसे शेजाऱ्यांसारखी परिचयाची होतात, त्यांच्या सुखदुःखाची वाट पाहिली जाते. दुखीला हे भाग्य लाभले नाही. तो आला आणि मेला.

वेळ कोणाची?

२५ जानेवारी १९८७ रोजी, रविवारी सकाळी, रामानंद सागर यांच्या 'रामायण'चा पहिला भाग लागला. ३१ जुलै १९८८ पर्यंत ती वेळ त्या कथेची झाली. पुढे २ ऑक्टोबर १९८८ पासून रविवारची सकाळ बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत'ला मिळाली. एकच वाहिनी, एकच वेळ आणि सारा देश एकाच चित्रासमोर, अशी स्थिती यापूर्वी नव्हती. माध्यम सरकारी होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आता याच कालखंडाकडे महाराष्ट्रातून पाहावे. १९८७ मध्येच महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांनी संपादिलेल्या बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा चौथा खंड प्रसिद्ध केला. 'रिडल्स इन हिंदुइझम' हा तो ग्रंथ. त्यातील राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून वादळ उठले. ते वगळावे म्हणून मोर्चे निघाले. ते राहिलेच पाहिजे म्हणून फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर परिशिष्ट राहिले, परंतु त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशी टीप त्याला जोडली गेली. एका घटनेमुळे दुसरी घडली असा दावा येथे करायचा नाही. परंतु दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक विषमता स्पष्ट दिसते. एका कथेला सरकारी पडद्यावर दर रविवारची सकाळ मिळाली आणि तिच्याखाली असहमतीची टीप लागली नाही. त्याच कथेविषयी संविधानाच्या शिल्पकाराने विचारलेले प्रश्न ग्रंथाच्या पानावर राहावेत यासाठी लोकांना रस्त्यावर उतरावे लागले, आणि तरीही टीप लागलीच.

त्याच जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांची 'तमस' लागली. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरील या मालिकेविरुद्ध न्यायालयात दाद मागितली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तिचे प्रक्षेपण थांबविण्यास नकार दिला. या मालिकेचा आरंभ नत्थू या चर्मकारापासून होतो. त्याच्याकडून फसवून डुक्कर मारून घेतले जाते आणि त्यातून दंगल पेटविली जाते. ही भूमिकाही ओम पुरी यांचीच. म्हणजे पहिल्या भागाच्या पहिल्या प्रसंगात दलित माणूस आहे, परंतु दुसऱ्याच्या हातातले हत्यार म्हणून.

'रामायण' संपण्याच्या सुमारास पंजाबात जालंधर येथे सफाई कामगारांनी संप केला आणि त्याचे लोण इतर शहरांत गेले. वाल्मीकींना आपले गुरू मानणारा हा समाज. वाल्मीकींच्या आश्रमातील सीता आणि लव-कुश यांची कथा न दाखवता मालिका संपणार, हे त्यांना मान्य नव्हते. पुढे उत्तर रामायणाचे भाग तयार झाले आणि दाखविलेही गेले. महाराष्ट्रातील आंबेडकरी कार्यकर्त्याला या संपाचे कोडे वाटेल. बाबासाहेबांनी जे नाकारले त्यात वाटा मागण्यासाठी संप कशाला, असे तो विचारील. प्रश्न योग्यच आहे. तरी या संपातून शिकण्यासारखे एक आहे. ज्यांच्या हातात झाडू होता, त्यांनी काम थांबवून मालिकेचा शेवट वाढवून घेतला. मालिका ही वाटाघाटीची वस्तू आहे, हे त्यांनी ओळखले. परंतु संपाने शेवट वाढतो. आरंभ मिळत नाही. आरंभासाठी लेखक, निर्माता, पैसा आणि वाहिनी यांपैकी काही तरी आपल्या हाती असावे लागते.

आंबडव्याची कथा पडद्यावर

१५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' ही वाहिनी सुरू झाली आणि मराठी प्रेक्षकाला रोजच्या मालिकांची सवय लागली. उपग्रहामुळे डोंगराचा अडथळा उरला नाही. छत्री आणि केबल वाडीपर्यंत गेली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, उरलेले दोन अधिक बिकट झाले. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला मोजले जाऊ लागले आणि त्यावर जाहिरातीचा दर ठरू लागला.

कोकणही पडद्यावर आले. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. सिंधुदुर्गातील आकेरी येथील वाड्यात चित्रित झालेल्या या मालिकेने मालवणी बोलीचा गोडवा राज्यभर नेला, परंतु कोकण म्हणजे वाडा, जमीनजुमला आणि भुताखेतांचे भय, हे चित्रही पक्के केले. अंधश्रद्धा पसरते म्हणून तिच्यावर आक्षेप घेतले गेले. वाड्याच्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या कोण राबले, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही.

१८ मे २०१९ रोजी, बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, 'स्टार प्रवाह'वर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली. बाबासाहेबांच्या भूमिकेत सागर देशमुख, रमाबाईंच्या भूमिकेत शिवानी रांगोळे. शीर्षकगीत आदर्श शिंदे यांच्या आवाजात. म्हणजे वस्तीवस्तीत जलशातून आणि कॅसेटमधून पोहोचलेला भीमगीतांचा वारसा प्रथमच मालिकांच्या रोजच्या वेळापत्रकात शिरला. तत्पूर्वी २००० साली जब्बार पटेल यांचा चित्रपट आला होता, आणि २०१४ मध्ये श्याम बेनेगल यांच्या 'संविधान' या दहा भागांच्या मालिकेत सचिन खेडेकर यांनी बाबासाहेब साकारले होते. परंतु घरातली सगळी माणसे जेवणाच्या वेळी रोज पाहतात ती मराठी मालिका यायला मुंबई केंद्रापासून मोजले तर ४७ वर्षे लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती संपली.

या घटनेचे मोल कमी करू नये. तसेच पडद्यावर प्रतिमा आली म्हणजे काम झाले, असेही मानू नये. रोजच्या मालिकेचा साचा माणसाला घरात ओढतो: बालपण, विवाह, आजारपण, अश्रू. बाबासाहेबांच्या आयुष्यात हे सारे होते. पण १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी मांडलेले विधेयकही होते आणि जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी मुंबईत निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चाही होता. रत्नागिरीच्या कुळांच्या दृष्टीने हा बाबासाहेबांच्या चरित्राचा गाभा आहे. त्यात महार होते, कुणबी होते. जातीपलीकडे जाणारी ही कष्टकऱ्यांची एकजूट गौरवगाथेच्या साच्यात बसविणे सोपे नाही.

म्हणून शिक्षक आणि कार्यकर्ते यांनी कोणत्याही मालिकेचा पहिला भाग विद्यार्थ्यांसमवेत पाहताना चार गोष्टी वहीत टिपाव्यात. पहिला प्रसंग कोणाच्या अंगणात घडतो? कोणाला आडनाव आहे आणि कोणाला नुसतेच नाव? पडद्यावर काम करताना कोण दिसतो, आणि निर्णय कोण घेतो? मध्ये जाहिरात कशाची लागते? महिनाभर ही टिपणे ठेवली तर वर्गात जातिव्यवस्थेवर व्याख्यान देण्याची वेगळी गरज पडणार नाही.

दुसरे काम नोंदींचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागताच 'रामायण' पुन्हा दाखविण्यात आले आणि नव्या पिढीसाठी त्याचा जणू दुसरा पहिला भाग झाला. जे जपून ठेवलेले असते, तेच पुन्हा दाखविता येते. आपल्या वाडीत वीज कधी आली, पहिला संच कोणाकडे आला, तो पाहायला आपल्याला आत बसू दिले की दारात, हे सांगणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, राजापूर येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एकेक वाडी वाटून घेऊन या आठवणी लिहून घ्याव्यात. दूरचित्रवाणीचा आपल्या बाजूने लिहिलेला इतिहास त्यातूनच उभा राहील, आणि उद्या आपल्यातला कोणी मालिका लिहायला बसला तर पहिला प्रसंग कोठून सुरू करायचा, हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागणार नाही.