दायित्व कोणाचे? प्राणवायूची गळती आणि भरपाईचा कायदा

२१ एप्रिल २०२१ रोजी दुपारी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयाच्या आवारातील द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, वाहिनीतला दाब उतरला आणि प्राणवायूच्या आधारावर असलेले २२ कोरोना रुग्ण त्याच दिवशी दगावले. राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि भद्रकाली पोलीस ठाण्यात अज्ञात व्यक्तींविरुद्ध निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला. मदत, चौकशी आणि गुन्हा या तिन्ही गोष्टी झाल्या म्हणजे न्यायाची व्यवस्था लागली, असे अशा प्रसंगी सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु झालेल्या हानीबद्दल कायद्याने कोण बांधील आहे, या प्रश्नाचे उत्तर या तिन्हींपैकी एकीतूनही मिळत नाही.

शासनाची मदत ही सानुग्रह, म्हणजे शासनाने आपल्या इच्छेने दिलेली रक्कम असते. ती देताना कोणतीही कसूर मान्य केलेली नसते आणि ती स्वीकारणाऱ्याचा न्यायालयात जाण्याचा हक्कही केवळ त्यामुळे संपत नाही. घरातला कर्ता माणूस वयाच्या चाळिशीत गेला काय किंवा सत्तरीत गेला काय, तिचा आकडा एकच राहतो. उलट, नुकसानभरपाई ठरवताना न्यायालय मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा हिशेब मांडते. मदतीला भरपाई म्हणण्याची जी सवय पडली आहे, ती वारसांच्या हक्कावर अन्याय करणारी आहे.

फौजदारी कायद्याचा हेतू शिक्षेचा असल्याने तेथे विशिष्ट व्यक्तीचा दोष आणि तोही निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली साधी हयगय पुरेशी नाही, ती घोर स्वरूपाची असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले. त्या खटल्याची हकिगत नाशिकच्या संदर्भात मुद्दाम वाचावी अशी आहे. लुधियानातील एका रुग्णालयात १९९५ साली एका वृद्ध रुग्णाचा श्वास अडखळू लागला, तोंडाला जोडलेले प्राणवायूचे सिलिंडर रिकामे निघाले, शेजारच्या खोलीतून दुसरे आणले तर ते चालू करण्याची सोय नव्हती, आणि या धावपळीत पाच-सात मिनिटे जाऊन रुग्ण दगावला. न्यायालयाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाई रद्द केली. सिलिंडर भरलेले ठेवणे हे रुग्णालयाचे काम असल्याने त्याच्यावर दिवाणी दायित्व येऊ शकेल किंवा येणारही नाही, असे म्हणून त्यावर मात्र मत देण्याचे टाळले. आरोपी सुटला म्हणजे कोणीच जबाबदार नव्हते, असा अर्थ त्यामुळे निघत नाही.

दिवाणी दाव्यात वादीला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने मोडले, त्या मोडण्यामुळेच हानी झाली आणि ती हानी कायद्याने भरून देण्याजोगी आहे. पुराव्याची कसोटीही येथे सौम्य असते. निःसंशय सिद्धता लागत नाही, घडले असण्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेहून अधिक असली की पुरते. शिवाय नेमका हात कोणाचा होता हे सांगता आले नाही तरी दावा बुडत नाही, आणि हा नियम महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने ठसठशीतपणे पुढे आणला. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, तिच्या पोटात टॉवेलचा तुकडा राहिला, दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो निघाला, पण ती बाई वाचली नाही. एकेका डॉक्टरचा दोष शोधत बसावे, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने धरला नाही. पोटात टॉवेल राहतो ही गोष्टच हयगय सांगते आणि कर्मचाऱ्यांच्या हयगयीसाठी त्यांना नेमणारे शासन बांधील आहे, असे ठरवून न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा ३६,००० रुपयांचा हुकूमनामा पुन्हा कायम केला. त्या निकालाचे साल १९९६ होते.

हाच विचार नाशिकला लावला तर टाकीची देखभाल कंत्राटदाराकडे होती की महापालिकेच्या कर्मचाऱ्यांकडे, हा वाद रुग्णाच्या वारसाने सोडवायचा नसतो. रुग्णाने स्वतःला रुग्णालयाच्या स्वाधीन केलेले असते, कंत्राटदाराच्या नव्हे. रुग्णालयाने भरपाई द्यावी आणि करारानुसार ती कंत्राटदाराकडून वसूल करावी, हा त्यांचा आपसातला मामला आहे. सविता गर्ग प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने उपचार करणाऱ्या डॉक्टरला पक्षकार केले नाही एवढ्यावरून रुग्णालयाविरुद्धची तक्रार फेटाळता येणार नाही, असे सांगून आपल्याकडून हयगय झाली नाही हे दाखवण्याचा भार रुग्णालयावर टाकला.

सर्वांत कठीण गाठ आहे ती कारणसंबंधाची. हे रुग्ण आधीच अत्यवस्थ होते, प्राणवायू अखंड मिळाला असता तरी त्यांतले काही वाचले नसते, असा बचाव प्रतिवादी घेणारच. त्यावर कायद्याचे जुने उत्तर असे की, हानी करणाऱ्याला समोरचा माणूस जसा असेल तसाच पत्करावा लागतो. रुग्ण दुबळा होता ही सबब होऊ शकत नाही, कारण दुबळा होता म्हणूनच तो तेथे दाखल होता. मात्र मृत्यू गळतीमुळे झाला की आजारामुळे, हे प्रत्येक रुग्णागणिक पाहावे लागते, आणि तेथे केसपेपरवरील ऑक्सिजनच्या पातळीच्या नोंदी, दाब उतरल्याची व पुरवठा पूर्ववत झाल्याची वेळ, टाकी ताब्यात घेतानाची तपासणी हे कागद निर्णायक ठरतात. हे कागद रुग्णालयाच्याच कपाटात असतात, ही वारसांची खरी अडचण आहे, आणि चौकशी समित्यांचे अहवाल वारसांना विनासायास मिळाले पाहिजेत ते याचसाठी.

दाद मागण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. सर्वांवर सरसकट मोफत उपचार करणारे रुग्णालय ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय असल्याने पालिकेच्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाचा सोपा रस्ता बहुधा बंद असतो. उरतात ते दोन मार्ग: जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग झाला म्हणून उच्च न्यायालयात रिट याचिका, किंवा १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली पती, पत्नी, आई-वडील व मुले यांच्यासाठी दिवाणी दावा. या दुसऱ्या दाव्याची मुदत मृत्यूच्या तारखेपासून अवघी दोन वर्षे आहे, आणि फौजदारी खटल्याचा निकाल लागण्याची वाट पाहिली म्हणून ती थांबत नाही.