वॉशिंग्टनचे वार्तापत्र : सुईआधी न्यायाधीश

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची अमेरिकेत गय होत नाही. तरीही संशयिताचे रक्त घ्यायचे, तर पोलिसाला एरवी आधी न्यायाधीशाची परवानगी काढावी लागते. २०१० साली मिसुरी राज्यात मध्यरात्रीनंतर वेगात, मधली रेघ ओलांडत चाललेली गाडी पोलिसाने अडवली. चालकाने मशिनमध्ये फुंकायला नकार दिला. पोलिसाने परवानगी न काढताच त्याला रुग्णालयात नेऊन रक्त घ्यायला लावले. मद्य मर्यादेच्या जवळपास दुप्पट निघाले, पण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘मिसुरी विरुद्ध मॅकनीली’ खटल्यात चालकाच्या बाजूने कौल दिला. रक्तातले मद्य ओसरत जाते, एवढ्यावर परवानगी टाळता येत नाही. याच न्यायालयाच्या २०१६च्या ‘बर्चफील्ड’ निकालाने रेघ आणखी स्पष्ट केली: अटकेनंतर श्वासाच्या चाचणीला परवानगी नको, रक्ताला हवी. फुंकरीतून फक्त मद्याचे प्रमाण कळते. रक्ताचा नमुना पोलिसांच्या ताब्यात उरतो आणि त्यातून बरेच काही काढता येते.

यात मद्यपी सुटतील, हा आक्षेप रास्त वाटतो. पण परवानगी फोनवरही मिळते, खरोखर निकडीच्या वेळी सवलत आहे आणि चाचणी नाकारणाऱ्याचा परवाना निलंबित होऊ शकतो.

आपल्याकडे मर्यादा अधिक कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०४ नुसार अटक झालेल्याचे रक्त नोंदणीकृत डॉक्टर घेतो. न्यायाधीशाला विचारावे लागत नाही. म्हणजे पोलिसांचे हात मोकळेच आहेत. तरी मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीच्या धडकेत दोघांचा जीव गेल्यावर काय घडले? ससून रुग्णालयातला चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप पोलिसांनीच ठेवला. औंधच्या रुग्णालयातल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए ताडून पाहिल्यावर हे उघड झाल्याचे त्यांनी सांगितले. न्यायाधीशाच्या परवानगीने ही अदलाबदल थांबली असती का? एकट्या परवानगीने नाही. पण नमुना कुणाचा, कधी, कशासाठी, याची नोंद पोलीस आणि रुग्णालय यांच्याबाहेर, न्यायालयात, त्याच रात्री झाली असती. बंधनाचा खरा उपयोग हाच: पुरावा कोर्टात टिकतो.

पुणे–बेंगळुरू महामार्ग आपल्या कराडला लागूनच जातो. तिथे उद्या असा अपघात झाला, तर मृताच्या घरच्यांना जादा अधिकारांचा पोलीस नको असेल. संशयाला जागा न ठेवणारी रक्ताची एक कुपी हवी असेल. कायदेमंडळाकडे मागणी करायची, तर तिचीच करावी.