1956 साली लिहून ठेवलेलं मृत्युपत्र

माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत. तीस वर्षं दिवाणी कोर्टात गेली, त्यातली बरीचशी भावाभावांच्या आणि नणंदा-भावजयांच्या भांडणांत. परवा त्यांच्या ऑफिसात चहा पिता पिता मी सहज म्हटलं, "मृत्युपत्र करायचं राहूनच गेलंय बघा."

"राहिलं कुठं?" त्या म्हणाल्या. "तुमचं मृत्युपत्र कधीच तयार आहे. संसदेनं लिहून ठेवलंय. वाचलंय का कधी?"

वाचलं नव्हतं. त्यांनी कपाटातून पातळसं पुस्तक काढलं : हिंदू वारसा कायदा, 1956. पुरती तीस-एकतीस कलमं. हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या घरादाराचं, सोन्यानाण्याचं, बँकेतल्या ठेवींचं काय करायचं ते या चोपड्यात ठरलेलं आहे. म्हणजे माझ्या जन्माआधीच माझ्या फ्लॅटची वाटणी झालेली होती. आणि ती कशी झालीय याचा मला पत्ता नव्हता!

वकीलबाईंनी एका जुन्या वकालतनाम्याच्या पाठीवर झाड काढायला घेतलं. समजा, एक गृहस्थ गेले. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. गृहस्थांचे आईवडील हयात, शिवाय एक भाऊ आणि एक बहीण. स्वतःच्या कमाईचा 640 चौरस फुटांचा फ्लॅट. कोणाला किती?

"बायको आणि दोन मुलं," मी म्हटलं. "एकतृतीयांश, एकतृतीयांश, एकतृतीयांश."

"आई राहिली."

पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांमध्ये बायको आणि मुलांच्या बरोबरीनं त्याची आई बसते. वडील बसत नाहीत. ते दुसऱ्या वर्गात, आणि पहिल्या वर्गातलं एकही माणूस असेल तर दुसऱ्या वर्गाच्या हाती काही येत नाही. म्हातारपणी आईच्या नावावर बहुधा काहीच नसतं हे ओळखून कोणीतरी तिला पुढच्या पंगतीत बसवलं असावं, असं आपलं मला वाटतं. तर चौघांना पाव-पाव : 160 चौरस फूट प्रत्येकी.

खरी गंमत पुढे आहे. वर्षा-दोन वर्षांत आजीही गेल्या, त्याही मृत्युपत्र न करता. आता त्यांच्या पाव हिश्श्याचं काय? तो नातवंडांकडे जाईल, असं घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. पण बाईच्या वारसांची यादी वेगळी आहे. तिचा नवरा, तिची मुलं आणि मागे मुलं ठेवून आधी गेलेल्या लेकराची ती मुलं. म्हणजे चार वाटे : आजोबा, दीर, नणंद आणि गेलेल्या मुलाच्या दोन्ही लेकरांचा मिळून एक. सुनेला सासूकडून काही नाही. मुलाच्या मृत्यूनंतर ज्या वडिलांना कायद्यानं हात हलवत परत पाठवलं होतं, ते बायकोच्या मागच्या दारानं आत आले. आणि दिराला मिळाला सोळावा हिस्सा. 640 भागिले 16 म्हणजे 40 चौरस फूट. मध्यमवर्गीय न्हाणीघर साधारण एवढंच असतं.

अर्थात दिराला न्हाणीघरच मिळतं असं नाही. वाटणी होईपर्यंत त्याचा सोळावा हिस्सा फ्लॅटच्या प्रत्येक विटेत, देवघराच्या फरशीतसुद्धा असतो. फ्लॅट विकायला काढला की त्याची सही लागते. वर्षानुवर्षं ज्याच्याशी बोलणं नाही, त्याच्या दारात हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन जावं लागतं ते यासाठी.

मला एकदम आमच्या सोसायटीतल्या दोन घरांचं कोडं उलगडलं.

"पण नॉमिनी लावलेला असतो ना?" मी विचारलं. वकीलबाई हसल्या. लग्नात आहेराची पाकिटं एक मामा गोळा करतो, वहीत नावं लिहितो, पिशवी काखेत धरून बसतो. सगळा पैसा त्याच्या हातातून जातो, त्याचा मात्र नसतो. नॉमिनी म्हणजे तो मामा. बँकेनं किंवा कंपनीनं पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढंच त्या नावानं ठरतं. पैसे कोणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर 2013 साली गेले. त्यांच्या ठेवी आणि गुंतवणुकींवरच्या नॉमिनींचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयानं सांगितलं की शेअरचा नॉमिनी केवळ नॉमिनी आहे म्हणून मालक होत नाही. महाराष्ट्राच्या घराघरांत भिंतीवर ज्यांचं पंचांग लटकतं, त्यांच्या घरातून हा निकाल यावा!

बाईंनी पुस्तकाची पानं उलटली. "हे बघा, माझं आवडतं." एकविसावं कलम. दोन माणसं एकाच अपघातात गेली आणि आधी कोण गेलं हे कळायला मार्ग नाही, तर काय मानायचं? उलट पुरावा मिळेपर्यंत असं धरायचं, की धाकटा थोरल्याच्या मागून गेला.

मला वाटलं, हा नुसता तर्काचा खेळ. मग त्यांनी पुन्हा झाड काढलं. घाटात गाडी कोसळून दोन भाऊ गेले. थोरला अविवाहित, आईवडील आधीच गेलेले, गावाकडे एक बहीण. धाकट्याला बायको आहे, मूलबाळ नाही. कायद्याच्या हिशेबी थोरला आधी गेला, तेव्हा त्याची मालमत्ता धाकटा भाऊ आणि बहीण यांच्यात निम्मी-निम्मी झाली. मग धाकटा गेला आणि त्याचा निम्मा वाटा त्याच्या बायकोकडे आला. उलट मानलं असतं तर थोरल्याचं सगळंच्या सगळं बहिणीला गेलं असतं. कायद्यानं कल्पलेल्या त्या एका क्षणापुरता धाकटा भाऊ निम्म्या घराचा मालक होऊन गेला.

"आणि जुळे असले तर?"

"पत्रिका काढताना जन्मवेळ लिहिलेली असतेच की. दहा मिनिटांनी धाकटा तोही धाकटाच."

विसावं कलम म्हणतं, बाप वारला तेव्हा जे मूल आईच्या पोटात होतं आणि पुढे जिवंत जन्माला आलं, त्याचा हक्क आधी जन्मलेल्यांइतकाच. पंचविसावं सांगतं, ज्याचा खून केला त्याचा वारस होता येत नाही. चार-चार ओळींची कलमं, आणि प्रत्येकात कुठल्या ना कुठल्या घरातली एक रात्र दडलेली.

सगळंच काही इतकं शहाणं नाही. एका मुलीचं लग्न 1955 साली झालं. तीनच महिन्यांत नवरा साप चावून गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. ती माहेरी आली, शिकली, नोकरी केली, पैसा साठवला. 1996 साली ती मृत्युपत्र न करता गेली. तिच्या आईनं त्या पैशावर हक्क सांगितला. पण मूलबाळ नसलेल्या विधवेच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर कायद्यानं आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांना बसवलंय. चाळीस वर्षांत ज्यांनी तिची विचारपूस केली नाही, त्या सासरच्यांच्या बाजूनं, म्हणजे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांच्या बाजूनं 2009 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. सहानुभूती वेगळी आणि कायदा वेगळा, असा न्यायालयाचा सूर होता. हे ऐकल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला.

यावर तोड आहे, आणि ती जवळपास फुकट आहे. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही. वहीचा कोरा कागद चालतो. नोंदणी केलेली बरी, पण सक्तीची नाही. भाषा कुठलीही, मालवणीत लिहा नाहीतर वऱ्हाडीत. आपली सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदारांना आतला मजकूर कळायचं कारण नाही. त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं, एवढं पुरे. वकीलबाईंचा सल्ला असा, की साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडावेत. पुढे वाद झाला तर कोर्टात निदान एक साक्षीदार उभा करावा लागतो, आणि समवयस्क मित्र तोवर आपल्या आधी गेलेले असतात. हा कागद हवा तितक्या वेळा फाडून नवा करता येतो. शेवटचा तेवढा खरा.

मुभा मात्र सगळीकडे सारखी नाही. मुस्लिम माणसाला वारसांच्या संमतीशिवाय एकतृतीयांशापलीकडे मृत्युपत्रानं देता येत नाही. आणि मुंबई-गोवा रस्त्यावर बांदा सोडून पत्रादेवीचा नाका ओलांडला, की कायदाच बदलतो. अलीकडचा बाप स्वकमाईचं सगळं एकाच लेकाला लिहून देऊ शकतो. पलीकडे पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेचा वारसा आहे, त्यामुळे गोंयकार बापाला निम्म्यावरच हात ठेवता येतो. उरलेलं निम्मं मुलांसाठी राखलेलं असतं, मग बाप हिंदू असो की ख्रिस्ती. मुंबईत फ्लॅट घेऊनही यातून सुटका नाही : मूळ अधिवास गोव्याचा असेल तर भारतात कुठंही असलेल्या मालमत्तेला हाच नियम, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलंय.

घरी आलो आणि नातवाच्या वहीतलं एक पान मागून घेतलं. दीड तासात लिहून झालं. बायकोनं वाचून दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि एके ठिकाणी टक्केवारी. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या जोडप्याला वर बोलावलं, दोघंही पस्तिशीचे. तो खुर्चीत बसला आणि संकोचून म्हणाला, "काका, मी हे वाचू का आधी?"

"नको," मी पेन उघडत म्हटलं. "तू फक्त माझ्या हाताकडे बघ."