काळ्या कातळातून चुनखडकाच्या पोटात

परभणीतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत ओटा कडप्प्याचा असतो. त्यावर लिंबाचा रस सांडला आणि पुसायला उशीर झाला, की पांढुरका डाग पडतो. कितीही घासला तरी तो निघत नाही, कारण आम्लाने तिथला दगडच थोडासा खाल्लेला असतो. कडप्पा हा काळा चुनखडक, आंध्रातल्या कुर्नूल-कडप्पा पट्ट्यातून आपल्याकडे येणारा. त्याच पट्ट्यात जमिनीखाली पावसाच्या पाण्याने युगानुयुगं हेच काम केलं आणि बेलमच्या गुहा तयार झाल्या.

आपल्या जिल्ह्यात अशी गुहा नाही, आणि याला कारण आपला खडक. विहीर खोदणारे सांगतात तो क्रम आठवा: वर काळी माती, मग मुरूम, कुठे मांजऱ्या, कुठे थेट काळा पाषाण. हा सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. बेसाल्ट पाण्याने कुजतो, त्याची माती होते, तिच्यात कापूस-सोयाबीन उत्तम येतं. पण तो मिठासारखा विरघळून मागे पोकळी ठेवत नाही. लाव्ह्यातही गुहा होतात, त्यांची तऱ्हा वेगळी. वाहत्या रसाचा वरचा थर थिजतो, आतला रस पुढे निघून जातो आणि बोगदा उरतो. हवाई बेटावरची काझुमुरा गुहा अशीच, ६५ किलोमीटरहून लांब. दख्खनच्या जुन्या, झिजलेल्या थरांत असे बोगदे क्वचितच टिकले.

त्यामुळे मराठवाड्यात आपण जे बघत आलो ते छिन्नीचं काम. वेरूळ, अजिंठा, जांभ्या दगडातलं खरोसा आणि अगदी घराजवळ जिंतूरची नेमगिरी. तिथे वाकून, अंग चोरून तळघरासारख्या गाभाऱ्यांत उतरावं लागतं, आणि छोट्याशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची मूर्ती पाहून माणूस खाली वाकून फट शोधतोच. नेमगिरी जरूर पाहावी, पण निसर्गाची गुहा म्हणून नव्हे.

निसर्गाच्या गुहा मराठी मुलखात आहेत, फक्त विखुरलेल्या. आंबोलीला हिरण्यकेशी नदी एका गुहेतून बाहेर पडते. तिथल्या पाण्यात सापडलेल्या माशाला २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी नदीचंच नाव दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या जंगलात, तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथलं राउटनचं वटवाघूळ जगात दुसरीकडे कुठेच नाही, असं विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत समजलं जाई; पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळलं. मात्र हे राखीव जंगल आहे. ज्याला फक्त फिरायचंय त्याने तिकडे पाऊल न टाकलेलंच बरं.

परभणीकराने पहिली गुहा पाहावी ती बेलमची. देवगिरी एक्स्प्रेस नांदेड-निजामाबादमार्गे सिकंदराबादला पोहोचवते, तिथून कुर्नूलच्या बाजूने खाली ताडपत्री. ताडपत्रीहून बेलम तीसेक किलोमीटर. वाटेत फरशीच्या खाणी आणि रचून ठेवलेल्या लाद्यांचे ढीग दिसू लागले, की आपण बेसाल्ट मागे टाकला असं समजावं. पूर्वी हे गाव कुर्नूल जिल्ह्यात होतं, २०२२ पासून नंद्याल जिल्ह्यात आहे.

डोंगर वगैरे काही नाही. सपाट माळ, आणि त्यात विहिरीसारखी तीन भगदाडं. मधल्यातून जिन्याने उतरलं की वाट आडवी होते. १८८४ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या गुहेची नोंद केली. पल्लावरमला १८६३ मध्ये अश्मयुगीन हत्यार ओळखणारे भूवैज्ञानिक ते हेच. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं कुणी फारसं आत शिरलं नाही. १९८२-८३ मध्ये डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन पथकाने आतली मोजणी केली. एकूण लांबी ३,२२९ मीटर भरते. २००२ पासून त्यातला सुमारे दीड किलोमीटर पर्यटकांना खुला आहे.

आत काय घडलंय हे समजलं तर पाहण्यात मजा आहे. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल होतं आणि खडकाच्या भेगांतून चुना विरघळवत खाली जातं. पोकळीत पोहोचलेल्या थेंबातला वायू उडतो, तसा चुन्याचा कण तिथेच चिकटतो. छतातून खाली लोंबणारे आणि जमिनीवरून वर चढणारे खांब असे घडतात, बहुधा वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा, कुठे त्याहून कमी. एका भागात छतावर नागाचे असंख्य फडे उभारलेले दिसतात, दुसरीकडे वडाच्या पारंब्या. सगळ्यात खोल जागा पातालगंगा, प्रवेशद्वारापासून ४६ मीटर खाली. तिथला लहानसा झरा बारमाही वाहतो आणि डोळ्यांदेखत खडकात गडप होतो. हे पाणी दोनेक किलोमीटरवरच्या बेलम गावाच्या विहिरीत निघतं, असं गावकरी मानतात.

सप्तस्वरालु नावाच्या दालनात लोंबत्या दगडांवर टिचकी मारली की वेगवेगळे सूर निघतात. मला हा प्रकार पटत नाही. हाताचं तेल आणि घाम लागला की तिथे चुना बसणं थांबतं, आणि शंभर वर्षांत जो सेंटीमीटरभर वाढला तो तुटायला एक उत्साही मुलगा पुरतो. रंगीत दिव्यांबद्दलही तेच. चुनखडकाला स्वतःचा रंग आहे. त्यावर जांभळा प्रकाश टाकून काय मिळतं कळत नाही. अंधार जसा आहे तसा हवा असेल तर बस्तरमध्ये जगदलपूरजवळची कुटुमसर गुहा गाठावी. कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात वाटाड्या दिवा घेऊन नेतो, आणि तिथल्या पाण्यात दृष्टी क्षीण झालेले मासे आहेत. पावसाळ्यात ती बंद असते.

वटवाघळं दिसली तर फ्लॅश मारू नये, हात तर नाहीच नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेत २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला निपाह विषाणूच्या खुणा आढळल्या होत्या. घाबरून घरी बसण्यासारखं यात काही नाही, अंतर ठेवलं की झालं.

गुहा म्हणजे गारवा, ही समजूत बेलमला सोडावी लागते. आत दमट उकाडा असतो, हवा कमी पडते म्हणून यंत्रांनी ती आत सोडलेली आहे, तरीही शर्ट भिजतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि वयस्करांनी पातालगंगेपर्यंत जायचा हट्ट धरू नये. सुती कपडे, पकड असलेली चप्पल, पाण्याची बाटली आणि स्वतःचा टॉर्च एवढं जवळ असावं. रविवार टाळावा, आणि शक्य तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जावं. रायलसीमेचं ऊन परभणीच्या उन्हाला हार जाणारं नाही. एक दिवस हाताशी असेल तर गंडिकोटाचा किल्लाही उरकता येतो.