आधी आईबापांना विचारा

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, या विषयाच्या शास्त्राची सुरुवात एका बापाच्या पत्रापासून झाली. अमेरिकेतल्या मिसिसिपीचे वकील बीमन ट्रिपलेट यांनी १९३८ साली आपल्या मुलाबद्दल, डोनाल्डबद्दल, ३३ टंकलिखित पानं डॉ. लिओ कॅनर यांना पाठवली. मुलगा शंभरपर्यंत आकडे म्हणतो, हाताला लागेल ती गोल वस्तू गरगर फिरवतो, पण माणसांत रमत नाही, असं बारीकसारीक त्यात होतं. कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा डोनाल्डच.

पुढे मात्र याच आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. आईच्या थंडपणामुळे मूल मिटून जातं, हे मत ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून घरोघरी पोचवलं. त्याला पुराव्यानिशी उत्तर १९६४ सालीच दिलं गेलं होतं, तेही स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला. तोवर किती आयांनी स्वतःला दोष देत दिवस काढले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आपल्याकडे तो आरोप वेगळ्या शब्दांत येतो. ‘लाडावून ठेवलंय’, ‘मोबाइल देता ना, म्हणून’, आणि वर दिलासा, ‘मुलगे उशिराच बोलतात’. या दिलाशात बहुमोल महिने वाया जातात.

गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या गौरी दिवाण, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. मुलाचं करता करता बाकीच्या जबाबदाऱ्यांची ओढाताण होते आणि कुटुंब आधी माणसांतून उठतं. लोक दुजाभावाने वागतात. दवाखाना, शाळा, देऊळ-चर्च, कुठेच पुरेशी जाण नसल्यामुळे पैसा आणि उमेद दोन्ही झिजतात. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यातली पुढची नोंद: हीच कुटुंबं कालांतराने पुन्हा माणसांत येतात, आपल्यासारखे पालक शोधतात, वाट काढतात. त्यांना बिचारं ठरवणं हे त्यांच्यावर अन्याय करणं आहे.

यानंतर गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे ६५ मुलांवर एक चाचणी झाली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत १२ सत्रं घ्यायची, अशी आखणी होती. आई मुलाशी खेळते, त्याचं थोडं चित्रण होतं, मग कार्यकर्ता आणि आई ते मिळून बघतात. समजा, मूल गाडीचं चाक फिरवतंय आणि आई विचारतेय, ‘रंग कुठला? सांग ना!’ चित्रण थांबवल्यावर दिसतं, की प्रश्नाच्या आधी मुलाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं होतं. पुढच्या वेळी ती प्रश्न विचारत नाही, ती नजर टिपते, चाकाकडे बघत ‘फिरलं!’ एवढंच म्हणते.

२०१५ च्या अखेरीस निकाल आले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला होता, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं होतं. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत गुंतण्याचा वेळ मात्र घटला, त्यामुळे हा रामबाण इलाज म्हणता येणार नाही. तरीही तज्ज्ञांची वानवा असलेल्या आपल्या तालुक्यांसाठी हाच रस्ता व्यवहार्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘आमच्यामागे याचं कोण?’ हा पालकांचा प्रश्न एकट्या विज्ञानाने सुटणारा नाही. पण मूल हाकेला वळत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा. आणि शेजारच्या आईने अशी शंका बोलून दाखवली, तर तिला ‘बोलेल गं’ म्हणू नका, तिच्यासोबत जा.