साखर उलटते कशी?



गळीत हंगाम सुरू झाला की प्रयोगशाळेच्या दारात एक तक्रार हमखास येते. "साहेब, ऊस तोडून तीन दिवस फडात पडला हे खरं. पण चाखून बघा, गोडी तसूभर उतरली नाही. मग उतारा घटला असं कसं म्हणता?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र जिभेला सापडणार नाही. ते अणूंच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब काट्यावरच्या पावतीइतकाच सोपा आहे.

अणू आणि त्यांचे हात

प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असतो. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते व त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन असतात. केंद्रकात जितके प्रोटॉन, तितकेच बाहेर इलेक्ट्रॉन. हायड्रोजनमध्ये १, कार्बनमध्ये ६, ऑक्सिजनमध्ये ८. सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमुळे अणू एकमेकांना धरतात. त्यांना अणूचे हात समजा. कार्बनला चार हात, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक. हातात हात घालून अणू एकत्र आले की रेणू होतो. हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक मिळून पाण्याचा रेणू.

रासायनिक क्रिया म्हणजे जुने हात सुटणे आणि नवे धरणे. अणू तेच राहतात, एकही हरवत नाही. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९ साली आपल्या ग्रंथात हे मांडले, तेव्हा त्याच्यापुढे उदाहरण होते ते साखर आंबून मद्य होण्याचे!

पाण्याचा एक रेणू

साखरेच्या रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ व ऑक्सिजनचे ११ असे ४५ अणू असतात. त्यातला कार्बन उसाच्या पानाने हवेतून घेतलेला, हायड्रोजन पाण्यातून आलेला. या रेणूचे दोन भाग, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मध्ये ऑक्सिजनच्या एका अणूचा सांधा.

ऊस तोडला की त्याची वाढ थांबते, पण आतली विकरे कामच करीत राहतात. कापलेल्या तोंडातून जंतू शिरतात, रस अधिक आंबट होतो. मग पाण्याचा एक रेणू त्या सांध्यात शिरतो आणि साखर दुभंगते. वजनाचा हिशेब पाहा: ३४२ किलो साखर अधिक १८ किलो पाणी, बरोबर १८० किलो ग्लुकोज व १८० किलो फ्रुक्टोज. वजन घटले नाही, उलट वाढले! गोडीही गेली नाही, कारण फ्रुक्टोज साखरेपेक्षा गोड. ब्रिक्स मीटरसुद्धा विरघळलेले सगळे एकत्र मोजतो, त्यालाही हा फरक कळत नाही.

पण हे दोघे पॅनमध्ये दाणा धरीत नाहीत. ते थेट मळीत जातात. आसवनीला त्याचा उपयोग होतो, पण साखरेचे पोते भरत नाही. शिळ्या उसाचा गूळ घट्ट बसत नाही, हे गुऱ्हाळावरच्या जुन्या माणसांना ठाऊक होतेच, कारण हेच.

प्रयोगशाळेत मात्र चोरी पकडली जाते. साखरेचे द्रावण विशिष्ट प्रकाशाची दिशा उजवीकडे वळवते, दुभंगलेले मिश्रण डावीकडे. म्हणूनच या क्रियेला साखर उलटणे म्हणतात, आणि 'पोल' काढतात तो याच गुणावर.

चुना काय करतो?

आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की साखर झपाट्याने उलटते. म्हणून रसात चुना घालून आंबटपणा मारतात. गंधक जाळून केलेला वायू सोडला की चुन्याशी त्याचा साका बनतो व गाळ घेऊन खाली बसतो. पण चुना पुढची नासाडी थांबवतो. आधी दुभंगलेली साखर पुन्हा सांधत नाही. ते काम कुठल्याच यंत्राला जमत नाही.

उतारा सर्वांचा

आपला दर उताऱ्याशी बांधलेला आहे, आणि उतारा एकट्याचा नसतो, साऱ्या कारखान्याचा असतो. एकाचा शिळा ऊस गव्हाणीत पडला की ताजा ऊस देणाऱ्याच्याही पदरात कमी पडते. दोष एकट्या सभासदाचा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गाड्या तळावर ताटकळल्या तर तिथेही साखर उलटतच असते. तोडणीचा कार्यक्रम गाळपाशी जुळवणे ही कारखान्याची जबाबदारी आहे.

आपल्या हातातले एवढे करावे. वाहन ठरल्याशिवाय कोयता लावू नये. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपास जावा. थांबावेच लागले तर मोळ्या पाचटाने झाकून पाणी शिंपडावे. वाढे काढूनच ऊस भरावा, कारण शेंड्यात कच्ची साखरच जास्त. जळीत ऊस तर सर्वांत आधी धाडावा.

अणू कुठेच जात नाहीत, बंधूंनो. ते पोत्यात जायचे की मळीत, एवढेच आपण ठरवायचे.

जय सहकार!