आकडा डॉक्टरांचा, माहिती घरच्यांची

अपघातात किंवा पडून जबर मार लागलेला माणूस हॉस्पिटलमध्ये आला, की त्याच्या जिवाला किती धोका आहे, याचा अंदाज आकड्यांत मांडता येतो. मी डॉक्टर नाही, पण जोखमीचे हिशेब हे माझं रोजचं काम. म्हणून हा हिशेब सोपा करून सांगतो.

१९८७ साली मांडलेली 'ट्रिस' ही यातली एक प्रसिद्ध पद्धत. शुद्ध किती, रक्तदाब, श्वासाचा वेग, दुखापतींची तीव्रता, वय, आणि मुका मार आहे की आत घुसलेली जखम, एवढ्यावरून ती जगण्याची शक्यता काढते.

शुद्ध मोजायला १९७४ सालची 'ग्लासगो कोमा स्केल' वापरतात. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे एकूण १५ गुण. भानावर राहून उत्तरं दिली तर बोलण्याचे ५, गोंधळलेली दिली तर ४.

आता विचार करा. भारतातून आलेली तुमची आई जिन्यावरून पडली. नर्सनं इंग्रजीत विचारलं, "आज वार कोणता?" आईला प्रश्नच कळला नाही, तर गुण उगाच कमी पडू शकतात. उलट, ती मराठीत खरंच असंबद्ध बोलत असेल, तर ते फक्त तुम्हालाच कळेल. म्हणून लगेच सांगा किंवा दुभाषा मागा.

वयाचंही तसंच. मूळ 'ट्रिस'मध्ये ५५ आणि त्यापुढचे सगळे एकाच गटात. ५६ आणि ८६ सारखेच! रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हेही त्या हिशेबात नाही. एरवी १६० असणारा रक्तदाब ११० झाला, तर कागदावर तो ठीक दिसतो. प्रत्यक्षात आत रक्तस्राव होत असू शकतो. या गोष्टी आपण सांगितल्या तरच डॉक्टरांना कळतात.

आणि "धोका २० टक्के" असं ऐकलंत, तर त्याचा अर्थ एवढाच: अशा १०० रुग्णांपैकी साधारण २० दगावतात. आपला माणूस त्या २० मध्ये की ८० मध्ये, हे आकडा सांगत नाही. म्हणून "सकाळपासून काय बदललं?" हेही विचारा.

आज एवढं कराच: आईबाबांची औषधं, नेहमीचा रक्तदाब आणि त्यांना कळणारी भाषा फोनमध्ये लिहून ठेवा.